अनुभवाचा दाखला

लीलाधरशेठनी माझं लायसन खिडकीच्या उजेडाकडे धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि टेबलावर टाकलं.

"कोरं आहे भो हे. घडीसुद्धा मोडली नाही अजून."

"मोडंन शेठ," माझ्या शेजारी उभे असलेले सुपडूकाका म्हणाले. "तुमच्या गाडीवर बसला की मोडंन."

पाच महिन्यांत एवढं शिकलो होतो की मालकासमोर नव्या ड्रायव्हरने तोंड उघडलं की तो नवा आहे हे लगेच कळतं.

हेवी लायसन मला दिवाळीनंतर मिळालं. तेव्हापासून सावदा, फैजपूर, रावेर, जिथे जिथे केळीच्या गाड्या भरतात तिथले सगळे मालक मी पालथे घातले होते. त्यांचे मी मनातल्या मनात तीन प्रकार केले होते. पहिला लायसन बघायचा, दुसरा माझे हात बघायचा, तिसरा काहीच न बघता हाकलायचा. मला तिसरा बरा वाटायचा. त्याच्याकडे निदान अर्धा दिवस बाकड्यावर बसावं लागत नसे. शेवटी प्रश्न सगळ्यांचा एकच. अनुभव किती? फैजपूरच्या एकाने तर सरळ सांगितलं, "आधी दुसऱ्याच्या दोन गाड्या ठोकून ये, मग माझ्याकडे ये." अनुभव आणायचा कुठून हे मात्र कोणी सांगत नसे. जणू तो बाजारात किलोवर मिळत होता आणि मीच चिकटपणा करत होतो.

घरी थोरला भाऊ म्हणायचा, "त्या लायसनला काच बसव अन् भिंतीवर टांग. निदान पाहुण्यांना दिसंन." त्याच्या घरात, त्याच्या चुलीवर मी आणि माझी बायको रत्ना जेवत होतो, त्यामुळे त्याच्या विनोदाला हसणं भाग होतं. रत्ना हसत नसे. तिला सातवा महिना लागला होता.

आणि अशात एका सकाळी सुपडूकाका सायकल हातात धरून दारात उभे राहिले. म्हणाले, "चल. गाडी आहे."

"कोणाची?"

"माझीच. मी उतरतो, तू चढ."

सुपडूकाका माझे उस्ताद. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली क्लीनर म्हणून काढली. गिअर त्यांनी शिकवला, घाटात ब्रेकवर पाय न ठेवता गाडी कशी उतरवायची ते त्यांनी शिकवलं, आणि नाक्यावरच्या माणसाशी कोणत्या आवाजात बोलायचं तेही. आमचा जुना मालक धंदा विकून सुरतेला गेला तेव्हा काका लीलाधरशेठच्या गाडीवर लागले आणि मला म्हणाले, "तू आता माझ्यासोबत येऊ नको. लायसन काढ. अन् एकदा लायसन खिशात आलं की पुसायचं फडकं हातात धरायचं नाही. लोक तेच फडकं जन्मभर हातात ठेवतात." म्हणून तर मी पाच महिने उपाशी राहिलो, पण क्लीनर म्हणून गेलो नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. शेवटची दोन वर्षं काकांना नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भर दुपारी चालून जायचं, पण दिवेलागणीला रस्ता त्यांच्यासाठी दुधात पाणी ओतल्यासारखा होई. मी डाव्या खिडकीतून सांगायचो, "काका, बैलगाडी. काका, दोन सायकली. काका, पूल." चारचौघांत हे कळू नये म्हणून आमची एक रीत पडली होती. कोणताही कागद आला की मी आधी वाचायचो, त्यांच्या कानाशी काय आहे ते सांगायचो, आणि मग कागद मोठ्या अदबीने त्यांच्या हातात द्यायचो. ते कागद हातभर लांब धरायचे, ओठ हलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." व्यापारी म्हणायचे, सुपडूउस्ताद न वाचता सही करत नाहीत.

तर त्या दिवशी शेठच्या आवारात माझी परीक्षा झाली. भरलेल्या दोन गाड्यांच्या मधून रिकामी गाडी मागे घ्यायची. दोन्हीकडे वीत वीत जागा. वर केळीच्या पानांत गुंडाळलेले घड आणि खाली हमाल तमाशा बघायला बसलेले. मी घेतली. एकदाही पुढे न जाता घेतली. उतरलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि काका आवाजाच्या अंदाजाने माझ्या उजवीकडे बघून हसत होते.

गाडी देखणी होती. नंबर चव्वेचाळीस बारा. डाव्या बाजूचा दिवा नवाकोरा, पुढच्या पट्टीला ताजा रंग. मला वाटलं, शेठ गाडीची निगा राखतात.

"हात चांगला आहे," शेठ म्हणाले. "पण दिल्लीवाले व्यापारी नव्या हातात माल देत नाहीत. तीन महिन्यांचा अनुभव मागतात. तो कुठून आणू?"

मी मान खाली घातली. हा रस्ता माझ्या ओळखीचा होता. याच्या टोकाला "पुढच्या हंगामात ये" असं लिहिलेलं असायचं.

"शेठ, दाखला तुम्हीच द्या ना," काका म्हणाले. "तुमच्या लेटरहेडवर. एक जानेवारीपासून हाच गाडी चालवतो म्हणून लिहा. कोण विचारायला बसलंय?"

शेठनी बराच वेळ छताकडे बघितलं. मग माझ्याकडे. "खोटं लिहायला लावतो हा म्हातारा. तू अब्रू घालवणार नाहीस ना माझी?"

"नाही शेठ."

"कोणी विचारलं तर?"

"जानेवारीपासून मीच."

"अडखळायचं नाही."

"नाही शेठ."

दिवाणजीने टाइप केला, शेठनी सही करून शिक्का मारला. युवराज दगडू तायडे हे आमच्या ४४१२ या ट्रकवर दिनांक १ जानेवारीपासून चालक म्हणून काम करीत असून त्यांचे काम समाधानकारक आहे. मी तो घरी नेला आणि भावाला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला. "समाधानकारक," तो म्हणाला. "जानेवारीपासून तर तू माझ्या ओट्यावर झोपलेला होता." पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला आपल्या पानातली भाकरी काढून दिली. रत्ना म्हणाली, "सुपडूकाकांना एकदा जेवायला बोलवा. सख्खा सासरा करणार नाही एवढं त्यांनी केलं."

इंदूरच्या दोन खेपा केल्या. त्या खेपांचं वर्णन करत बसलो तर रात्र पुरणार नाही, म्हणून एवढंच सांगतो की स्टिअरिंग धरलेल्या माणसाला आपली सावलीसुद्धा वेगळी दिसते. ढाब्यावर क्लीनरचा चहा फुटक्या कपात येतो आणि ड्रायव्हरचा ग्लासात. मी ग्लास रिकामा झाल्यावरही धरून बसायचो.

दुसऱ्या खेपेवरून आलो तर काका आवारात वाट बघत होते. शेठनी त्यांना तिथेच मुकादम नेमलं होतं.

"उद्या जरा शेजारच्या तालुक्याला जाऊन येऊ," ते म्हणाले. "पोलीस ठाण्यात गाडीची तपासणी आहे. ड्रायव्हर कोण, लायसन आहे का, असं विचारतात. दाखला सोबत घेजो."

"एवढ्यासाठी ठाण्यात?"

"नवीन साहेब आला आहे. नवीन साहेब अन् नवीन ड्रायव्हर, दोघांनाही सगळं करून बघायचं असतं."

मी हसलो. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले, तिकीट त्यांनी काढलं. वाटेत दोनदा म्हणाले, "जानेवारीपासून तूच. घाबरू नको. तू घाबरला की शेठचा दाखला खोटा पडंन अन् तुझी गाडी जाईन." मी म्हटलं, "काका, सहा वर्षं तुमच्याकडे शिकलो. आवाज कसा लावायचा ते ठाऊक आहे." ते खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, अभिमान वाटतोय त्यांना.

ठाण्यात बाविस्कर नावाचे हवालदार होते. जाड चष्मा, कानावर पेन, टेबलावर अर्धी खाल्लेली काकडी. माझं लायसन त्यांनी नीट पाहिलं, दाखला नीट पाहिला.

"चव्वेचाळीस बारावर कधीपासून?"

"एक जानेवारीपासून, साहेब."

"मध्ये सुट्टी? दुसरा ड्रायव्हर?"

"नाही. एक दिवस नाही."

"सतरा जानेवारीला?"

"मीच होतो."

"आठवतं?"

इथे मला शहाणपण सुचलं. नुसतं हो म्हटलं तर पोपटपंची वाटेल, म्हणून मी थोडं तिखटमीठ लावलं. "आठवतं ना साहेब. संक्रांत नुकतीच झालेली. रावेरला माल भरला, इंदूरला निघालो. थंडी एवढी की काचेवर फडकं मारत चाललो होतो."

हवालदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग एकदा काकांकडे. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"संध्याकाळी कुठे होता?"

"रस्त्यातच असणार. याच हद्दीत."

"बरं." त्यांनी फायलीतून टाइप केलेला एक कागद काढला. "तुमच्या शेठच्या वकिलाने हा पाठवलाय. तुझ्या तोंडचंच आहे असं म्हणतात. नीट वाच आणि खाली सही कर. घाई नाही."

कागद हातात आला आणि माझा हात सवयीने उजवीकडे वळला. सहा वर्षांची सवय ती. चारचौघांत कागद आधी उस्तादांच्या हातात द्यायचा. त्यांच्या कानाशी काही सांगायचं राहिलं, हे देऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि मी मनात चुकचुकलो. हवालदारासमोर म्हाताऱ्याची फजिती होणार.

काकांनी कागद हातभर लांब धरला. ओठ हलवले. आणि खणखणीत आवाजात वाचू लागले.

"मी, युवराज दगडू तायडे, वय वर्षं सव्वीस, राहणार सावदा. सतरा जानेवारी रोजी ट्रक नंबर चव्वेचाळीस बारा मी स्वतः चालवत होतो. माझ्याकडे वैध परवाना आहे. मालकाने मला परवाना पाहूनच कामावर ठेवलं. हा जबाब मी राजीखुशीने देत आहे." थांबले. "बरोबर आहे. कर सही."

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. फजिती टळली. मग माझं लक्ष कागदाकडे गेलं. माझ्या हातातून त्यांच्या हातात जाताना तो उलटला होता. काकांच्या डोळ्यांसमोर जी बाजू होती तिच्यावर एक अक्षर नव्हतं. पाठकोऱ्या कागदावरून ते माझं नाव, वय, गाव वाचत होते.

मी नव्हतं सांगितलं त्यांच्या कानात. मग कोणी सांगितलं होतं?

मी कागद त्यांच्या हातातून घेतला. सरळ केला. त्यांनी वाचलेलं सगळं त्यात होतं, शब्दाला शब्द. जे वाचलं नव्हतं तेही होतं. मधल्या चार ओळी. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश डोळ्यांवर आल्याने रस्त्याच्या डाव्या कडेचा सायकलस्वार मला दिसला नाही. धडक बसल्यानंतर घाबरून मी गाडी थांबवली नाही. सदर सायकलस्वार गणपत उखा सोनवणे, दूधविक्रेता, हे दोन दिवसांनी मयत झाल्याचे मला नंतर समजले.

नवाकोरा दिवा. ताजा रंग.

"साहेब," मी म्हटलं, "पाणी पिऊन येतो."

"ये. पळून जाऊ नको म्हणजे झालं," हवालदार म्हणाले आणि काकडी हातात घेतली. "लायसन इथेच आहे तुझं."

ठाण्यामागे जप्तीच्या गाड्या गंजत पडल्या होत्या. काका माझ्या मागून आले, एका टेम्पोच्या पत्र्याला हात लावत लावत. मी हात धरायला पुढे झालो नाही. त्यांनी दोनदा ठेच खाल्ली, तरी झालो नाही.

"कधी ठरलं हे?" मी विचारलं.

"नोटीस आली तेव्हा. साक्षीदाराने अर्धा नंबर सांगितला होता, तीन महिने शोधत होते. शेठला लिहून विचारलं, त्या दिवशी ड्रायव्हर कोण."

"अन् तुमचं लायसन?"

"दोन वर्षं झाली संपून. डॉक्टर डोळे तपासल्याशिवाय सही करत नाही, तुले माहीत आहे."

"शेठले माहीत होतं?"

"शेठले सगळं माहीत असतं. बिगरलायसनचा ड्रायव्हर निघाला तर विमा बुडतो, अन् शेठही आत जातो." ते जरा जवळ आले. "तू समजून घे, युवराज. तुह्याजवळ लायसन आहे. लायसनवाल्याला त्याच दिवशी जामीन. केस चालते दहा वर्षं. तोवर गाडी तुझी, कोणी उतरवणार नाही. शेठनं माझ्यासमोर शब्द दिला. मी तुझं वाईट केलं नाही. तुले गाडी कोण देत होतं?"

कोणीच देत नव्हतं.

"मले आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आला असता?"

आज एवढ्या वर्षांनी मी हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडतो आणि दर वेळी एकच आकडा येतो. आलो असतो. त्या ओट्यावर माझ्याशेजारी बसून ते म्हणाले असते, "बाबा, माझ्या हातून एक माणूस गेला, मले वाचव," तर मी कदाचित रत्नालाही न विचारता आलो असतो. त्यांनी मागितलं नाही. माझी भूक बघितली, तिच्यावर दाखला ठेवला आणि मला इथपर्यंत चालवत आणलं. गाडी मागे घ्यायला लावून माझा हात तपासला होता म्हणे. खरं म्हणजे माझी मान तपासली होती, किती वाकते ती.

"तो दिसला होता का तुम्हाला?" मी विचारलं. "सायकलवाला?"

"नाही."

"मग?"

"आवाज आला." त्यांनी पत्र्यावरचा हात काढून सदऱ्याला पुसला. "वाटलं, मागचा घड पडला असंन."

"क्लीनर?"

"झोपला होता. तुह्यासारखे क्लीनर राहिले नाहीत आता."

मी तिथून निघालो. त्यांनी मागून हाक मारली. आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला.

"युवराज. माझे डोळे फक्त तुलेच ठाऊक होते. दोन वर्षं तू झाकून ठेवले. आता चव्हाट्यावर आणशीन?"

हा घाव मात्र बरोबर बसला. कारण खरं होतं ते. मी झाकले होते. कानाशी कुजबुजून, अदबीने कागद पुढे करून, डाव्या खिडकीतून हाका मारून मी एका आंधळ्या माणसाला रस्त्यावर चालता ठेवला होता, आणि याला निष्ठा म्हणत होतो. मग लायसन काढायला निघून गेलो आणि डावी खिडकी रिकामी राहिली. गणपत सोनवणे त्या रिकाम्या खिडकीच्या बाजूने सायकल चालवत होता.

ठाण्याच्या पायऱ्या पाचच होत्या. त्या चढताना मला माहीत होतं की वर पोचेपर्यंत मी पुन्हा भावाच्या ओट्यावरचा माणूस होणार. गाडी जाणार, आणि उस्तादाला धरून दिलेल्या ड्रायव्हरला केळीच्या पट्ट्यात दुसरी मिळणार नाही. तसंच झालं. रत्नाच्या बाळंतपणाला मी वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवत होतो, आणि पुन्हा ट्रकवर चढलो तो थेट मराठवाड्यात, जिथे मला आणि त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

हवालदार बाविस्करांनी पेन पुढे केलं. मी घेतलं नाही.

"साहेब, ती गाडी मी चालवत नव्हतो."

त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. "मग मघाशी काचेवर फडकं मारत होता तो कोण?"

"खोटं बोललो."

"आणि हा दाखला?"

"तोही खोटा."

"म्हणजे तुला अनुभव नाही?"

पाच महिने ज्या प्रश्नापासून मी पळत होतो तोच प्रश्न. या वेळी उत्तर सोपं होतं.

"अकरा दिवसांचा आहे, साहेब."

त्यांनी वकिलाचा कागद बाजूला सारला, कोरा कागद घेतला, त्यावर तारीख टाकली. "बोल. सतरा जानेवारीला गाडीवर कोण होतं?"

दारात पावलं वाजली आणि थांबली. मी मागे पाहिलं नाही. सहा वर्षांत मी त्यांना उस्ताद म्हटलं, काका म्हटलं, नाव कधी घेतलं नव्हतं. वडीलधाऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

"सुपडू," मी म्हटलं.

"पूर्ण सांग. बापाच्या नावासकट."

मी आवाज जरा खाली आणला. उगाचच. डोळे गेले होते त्यांचे, कान चांगले तिखट होते.

"सुपडू ओंकार सपकाळे."